रांगेत घुसलेला माणूस

१

काल दुपारपर्यंत जो माणूस चित्रात नव्हता तो आज सकाळी चित्रात होता. आणि नुसता होता असंही नाही, चांगला रांग मोडून घुसला होता.

मावशीने छापलेला कागद खिडकीजवळ नेऊन बघितला, हात लांब करून बघितला, चष्मा काढून बघितला. माणूस जागचा हलला नाही. मग तिने चष्मा पुन्हा लावला आणि एक अशी किंकाळी फोडली की दारात उभे असलेले प्रेसकाका आयुष्यात पहिल्यांदा दारातून बाजूला झाले.

मावशी लाकडी ठोकळ्यांवर चित्रं कोरायची आणि प्रेसकाकांना हाताशी घेऊन छपाईच्या प्रेसवर त्यांचे छाप काढायची. विषय एकच: रस्त्यावर माणसं कशी वागतात. जिन्याच्या मधोमध उभा राहून फोनवर भांडणारा बाप्या, अख्ख्या फुटपाथवर हातात हात घालून आडवं चालणारं कुटुंब, ओली छत्री दुसऱ्याच्या पायावर निथळवणारी बाई. लोक ही चित्रं बघून पोट धरून हसायचे आणि शेजाऱ्याकडे बोट दाखवायचे. स्वतःकडे बोट दाखवलेला माणूस मावशीला अजून भेटायचा होता.

यंदा पदपथ शिष्टाचार समितीने तिच्याकडून मोठं चित्र करून घेतलं होतं. नाव 'रांग'. बसथांब्यावरची रांग आणि तिच्यात शहरातले यच्चयावत उद्धट. चित्राच्या एका टोकाला एका बंद दुकानाचा दरवाजा होता, काळाकुट्ट, त्यात काहीच नाही.

म्हणजे काल काहीच नव्हतं. आज त्या काळोखातून एक मिशीवाला गृहस्थ बाहेर येत होता. एका कोपराने तो पुढच्या बाईच्या बरगडीत ढोसत होता, दुसऱ्या हाताची करंगळी त्याने कानात घातली होती, तोंड उघडं टाकून तो जांभई देत होता, आणि पाय एका म्हाताऱ्याच्या पायावर होता. उद्धटपणाचा असा सहकुटुंब सहपरिवार संच मावशीनेही कधी एका माणसावर खर्च केला नव्हता.

"काका, हे किती ठिकाणी लागलं?"

"सगळीकडे," प्रेसकाका म्हणाले. "पहाटेच छापले, तिन्हीसांजेपर्यंत कशाला थांबा म्हटलं. शहरात एक भिंत सोडली नाही. एक वर सभागृहातपण टांगलाय, चौकटीत."

"छापताना बघितलं नाहीत?"

"मी दाब बघतो. चित्र बघायचं काम माझं नाही."

तेवढ्यात जिन्यावर टाचा वाजल्या. वरच्या मजल्यावर समितीचं कार्यालय होतं, आणि इतक्या जोरात टाचा वाजवायचा अधिकार त्या इमारतीत एकाच व्यक्तीला होता.

अध्यक्षबाई आल्या. त्यांच्यामागे, दोन पायऱ्या सोडून, उपाध्यक्ष आले.

"हा काय प्रकार आहे?" अध्यक्षबाईंनी चित्रातल्या गृहस्थावर बोट ठेवलं. "ही मिशी बघा! डाव्या गालावरचा हा तीळ बघा! छातीवर समितीचा बॅज बघा! हे आमचे उपाध्यक्ष आहेत! समितीच्या खोलीत बसून समितीच्याच माणसाची बदनामी?"

सगळ्यांनी उपाध्यक्षांकडे बघितलं. मिशी होती, डाव्या गालावर तीळ होता, बॅज होता. त्यांनी एक बोट हळूच वर केलं.

"क्षमा असावी, मी काय म्हणतो..."

"तुम्ही काही म्हणू नका. तुम्हाला धक्का बसलाय." अध्यक्षबाई मावशीकडे वळल्या. "संध्याकाळी उद्घाटन आहे. तोपर्यंत हे कुणी केलं ते मला कळलं पाहिजे. नाहीतर व्यासपीठावरून जाहीर करते की ही खोली समिती परत घेतेय."

मावशीने प्रेसकडे बघितलं. खोली गेली तर प्रेस गेली. ते लोखंडी धूड आत आणलं तेव्हा रस्त्याकडची भिंतच नव्हती. भिंत नंतर बांधली. आता भिंत पाडल्याशिवाय प्रेस बाहेर निघणार नव्हती, आणि प्रेसशिवाय मावशी म्हणजे चांगली कोरणी चालवणारी एक बेरोजगार बाई उरली असती.

टाचा वर गेल्या. मावशीने फोन उचलला.

"शंके? असशील तशी ये."

२

शंका ही मावशीची भाची. लहानपणी दुधात पाणी आहे का, चंद्र खरा आहे का, आपले आईवडील आपलेच आहेत का, असं सगळं तपासून घ्यायची म्हणून घरच्यांनी हे नाव ठेवलं. पुढे ती विमा कंपनीत दावे तपासायला लागली आणि नाव सार्थकी लागलं. जिन्यावरून आपोआप पडलेले टीव्ही आणि मालक गावाला गेल्यावरच जळणारी दुकानं हा तिचा रोजचा व्यवसाय होता.

ती आली तेव्हा मावशी एक कोरणी शोधत होती आणि तोंडाने शिव्या देत होती.

"मला माझी बारीक कोरणी सापडत नाहीये! कुणीतरी सगळ्या लावून ठेवल्यात!"

"लावून म्हणजे?"

"म्हणजे बघ ना!"

टेबलावर कोरण्या रांगेत होत्या. बारीक, त्यापेक्षा जाड, त्यापेक्षा जाड. लाकडाचा भुसा झाडून एका पुडीत बांधून ठेवला होता. पुडीला गाठसुद्धा सुबक होती.

"मावशी, हे तू केलंस?"

"मी? इतक्या वर्षांत इथे कुणी झाडू मारलेला नाही! प्रेसकाकांना तर झाडू कुठे आहे तेही माहीत नाही."

"म्हणजे चोर आला, तुझं चित्र बिघडवलं, आणि जाताना आवरून गेला."

शंकाच्या अंगावर शहारा आला. वस्तू मोडणारे तिने पैशाला पासरी बघितले होते. आवरून जाणारा पहिलाच.

"आता मला नीट समजाव. माणूस चित्रात घातला कसा?"

मावशीने ठोकळा पुढे ओढला. "हे बघ. जेवढं लाकूड कोरून काढतो तेवढं कागदावर पांढरं राहतं. जे उरतं त्याला शाई लागते, ते काळं. लाकूड काढता येतं, परत चिकटवता येत नाही. म्हणून त्या मेल्याने काळा दरवाजा निवडला. तिथे भरपूर लाकूड शिल्लक होतं. त्यातून पांढऱ्या रेघांनी माणूस कोरून काढला."

"कधी?"

"काल दुपारी मी आणि काका कागद आणायला गेलो होतो तेव्हाच. त्याआधी मी स्वतः छाप काढून बघितला होता, दरवाजा कोरा होता. आल्यावर मी ठोकळ्याकडे बघितलंच नाही. कागद कापत बसले."

"खोलीला कुलूप?"

"असतं. पण किल्ली वर कार्यालयात खिळ्याला टांगलेली. जो येईल तो घेईल."

शंकाची नजर खोलीभर फिरली आणि एका जागी थबकली. तळहाताएवढा एक आरसा शाईच्या डब्यांच्या चळतीवर, भिंतीला टेकवून उभा होता.

"तो आरसा नेहमी तिथेच असतो?"

मावशीने वळून बघितलं.

"नाही. तो खिळ्याला असतो, दाराजवळ." ती खाली बसली. "शंके, हे वाईट झालं. फार वाईट. ठोकळ्यावर सगळं उलटं कोरावं लागतं, म्हणजे छाप सुलटा येतो. डावीकडचं उजवीकडे. कोरताना नीट चाललंय का बघायचं तर मी ठोकळा उचलून त्या आरशासमोर धरते. आरशात तो छापासारखा दिसतो. ही युक्ती बाहेरच्या माणसाला सुचायची नाही."

"म्हणजे हे काम जाणकाराचं."

"ह्या खोलीतल्या माणसाचं," मावशी म्हणाली. "म्हणजे मी, नाहीतर प्रेसकाका, नाहीतर..." तिने आवाज खाली आणला. "नाहीतर आमचे जावईबापू."

३

प्रेसकाकांची चौकशी दारात झाली, कारण ते तिथेच उभे होते.

"काका, उपाध्यक्षांशी तुमचं काही वाजलंय का?"

"त्यांच्याशी वाजवून दाखवा तुम्ही!" काका कळवळून म्हणाले. "रोज इथून जाताना म्हणतात, 'थोडी वाट मिळेल का, घाई नाही.' आणि खरंच घाई नसते हो त्यांना! एकदा मुद्दाम नाही सरकलो. अर्धा तास थांबले. वर जाताना आभार मानले, उभं राहायला सोबत दिली म्हणून. त्यांच्यावर चिडायचा मी पुष्कळ प्रयत्न केलाय, ताई. जमत नाही."

"आणि तुम्हाला मावशीने चित्रात घातलंय, त्याचा राग?"

"मला? कुठल्या चित्रात?"

त्यांच्या मागच्या भिंतीवरच ते चित्र होतं: दार अडवून उभा असलेला एक आडदांड मनुष्य, आणि मागे खोळंबलेलं अर्धं शहर. काकांनी ते निरखून बघितलं.

"हा दूधवाला आहे," ते ठामपणे म्हणाले. "थेट तोच."

जावईबापू मात्र तयारीनेच आले होते. मावशीच्या चित्रांखालच्या ओळी ते लिहायचे. ओळ एकच असायची, पण ती सुचेपर्यंत घरात कुणी भांडं वाजवायचं नाही असा दंडक होता. एकेकाळी ते स्वतःही कोरायचे. नंतर त्यांच्या लक्षात आलं की कोरायला हात लागतात आणि बोलायला लागत नाहीत.

"भावोजी, एक विचारू? ही खोली रिकामी झाली तर तुमचा काही फायदा?"

"अर्थात! मी इथे कॉफीहाऊस काढणार. कधीपासून म्हणतोय. प्रेस मधे ठेवायची शोभेला, भोवती खुर्च्या." एवढं बोलून जावईबापूंना आपण काय बोललो ते कळलं, पण त्यांनी चेहऱ्यावर तसं दिसू दिलं नाही. "म्हणून मी हे केलं असं वाटतंय तुला?"

"काल दुपारी कुठे होतात?"

"घरी. झोपलो होतो. तुझ्या बहिणीला विचार, ती दर वेळी साक्ष द्यायला एका पायावर तयार असते." मग ते चित्रावर वाकले आणि त्यांचा आवाज दुखावला गेला. "शिवाय, हे? हे मी कोरलेलं? अगं, हे बोट आहे की भेंडी? मी केलं असतं तर निदान बघवलं असतं. आणि बॅज बघ!"

"काय झालं बॅजला?"

"उपाध्यक्ष बॅज कुठे लावतात?"

"डावीकडे. तीळ आहे त्याच बाजूला. रोज बघतो मी," काका दारातून म्हणाले.

"चित्रात कुठे आहे?"

शंकाने बघितलं. चित्रातल्या गृहस्थाच्या उजव्या छातीवर तो गोल बॅज लखलखत होता.

"उलटा आलाय!" जावईबापूंनी टाळी दिली, स्वतःच स्वतःला. "ठोकळ्यावर उलटं कोरावं लागतं हे ज्याच्या गावीही नाही अशा माणसाचं काम आहे हे. मी? माझे सासूबाईंशी मतभेद असतील. पण बॅज उलटा येईल एवढे नाहीत."

खोलीत आनंदाची लाट आली. मावशी नाही, काका नाहीत, जावई नाही! प्रेसकाकांनी तर दारातल्या दारात एक गिरकी घेतली.

एकटी शंका चित्राला नाक लावून उभी होती.

"थांबा," ती म्हणाली. "बॅज उलटा आला, मान्य. मग तीळ सुलटा कसा आला?"

४

उपाध्यक्षांच्या खोलीचं दार शंकाने वाजवायच्या आधीच उघडलं.

"या, या. आपण जिन्यावर आहात असं पावलांवरून वाटलं. आपल्याला वाजवायचे कष्ट नकोत म्हटलं." त्यांनी खुर्ची पुसून दिली, पंख्याचा वारा तिच्या बाजूला वळवला आणि स्वतः उभे राहिले.

"तुम्हीही बसा ना."

"आपण पाहुण्या आहात. मी उभ्याने जास्त चांगला ऐकतो."

शंकाने त्यांना न्याहाळलं. इतका व्यवस्थित माणूस तिने फक्त विम्याच्या जाहिरातीत बघितला होता. कोटाला सुरकुती नाही. टेबलावरच्या पेन्सिली एका उंचीच्या.

"तुमच्यावर कुणाचा राग आहे का?"

"माझ्यावर?" त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नसावा. मी कधी कुणाच्या मधे आलो नाही. कुणाला मी आठवत असेन असंही वाटत नाही. परवा आमच्या वार्षिक फोटोत मीच कॅमेरा धरला होता. अध्यक्षबाई म्हणाल्या, ह्या वेळी सगळे आलेत, छान झालं."

"ह्या चित्राने तुम्हाला खूप वाईट वाटलं असेल."

"खूपच," उपाध्यक्ष म्हणाले, आणि टेबलावर जरासे पुढे झुकले. "ओळखू येतो ना मी? म्हणजे, बदनामी स्पष्ट झालीये ना? मघाशी बसथांब्यावर एक गृहस्थ चित्र बघून खो खो हसले. मग माझ्याकडे बघून पुन्हा हसले. मला भारी..." ते अडखळले. "भारी क्लेश झाले."

"हे कुणी कोरलं असेल, तुमचा अंदाज?"

उपाध्यक्षांनी तोंड उघडलं. त्याच क्षणी दार धाडकन उघडून अध्यक्षबाई आत आल्या, त्यांच्याशी बोलत बोलतच.

"...आणि भाषणात मी आधी अपमानाचा निषेध करते, मग खोलीचं जाहीर करते, मग तुम्ही फक्त उभं राहून दुःखी दिसायचं. जमेल ना?"

"क्षमा असावी, पण मी काय..."

"छान. अगदी असाच चेहरा ठेवा." आणि त्या गेल्यासुद्धा.

उपाध्यक्षांनी उघडं राहिलेलं तोंड सावकाश मिटलं. शंका उठली. तिच्या डोक्यात काहीतरी भिरभिरत होतं, पण हाताला लागत नव्हतं. ती पायऱ्या उड्या मारतच उतरली. खाली खोलीत कुणी नव्हतं. सगळे सभागृहात खुर्च्या मांडायला गेले होते. ती मावशीच्या स्टुलावर बसली. ठोकळा समोर टेबलावर आडवा होता. चोर इथेच बसला होता. हातात कोरणी धरून त्याने असं खाली बघितलं, मग मान वर करून असं आरशात...

तिने आरशात बघितलं.

ठोकळा त्यात दिसतच नव्हता. आरसा डब्यांच्या चळतीवर इतका उंच आणि एवढासा होता की त्यात एकच गोष्ट मावत होती.

शंकाचा स्वतःचा चेहरा.

"आई गं!" ती ओरडली आणि स्टूल उलटं पडलं.

५

सभागृहाच्या मागच्या बोळकांडीत तिने उपाध्यक्षांना गाठलं. आत लोक भरत होते, माईक कुरकुरत होता. मावशी तिच्यामागून धापा टाकत आली.

"उपाध्यक्ष, मी सांगते ते चुकलं तर मला टोका."

"मी कधी कुणाला टोकत नाही," ते क्षीणपणे म्हणाले.

"तेच तर! ऐका. ठोकळ्यावरचं सगळं छापताना उलटतं. जाणकाराने हे कोरलं असतं तर त्याने मुळात उलटं कोरलं असतं, आणि तीळही बरोबर आला असता, बॅजही. नवख्याने तुमचा फोटो समोर ठेवून किंवा तुम्हाला आठवून कोरलं असतं तर दोन्ही चुकलं असतं. इथे बॅज चुकलाय आणि तीळ बरोबर आलाय. म्हणजे माणूस नवखा आहे, पण त्याने जो चेहरा बघून कोरला तो आधीच उलटा होता."

मावशीने कपाळावर हात मारला. "आरशातला!"

"आरशातला. एकदा आरशाने उलटा केला, एकदा छापाने, म्हणून सुलटा आला. तळहाताएवढा आरसा, तोंडाच्या उंचीवर, स्टुलाकडे वळवलेला. मावशी, तुला वाटलं तो ठोकळा तपासायला ठेवलाय. पण त्यात ठोकळा दिसतच नाही. त्यात बसणाऱ्याचं थोबाड दिसतं, आणि दुसरं काही नाही. आरशात बघून माणूस जगात एकाच व्यक्तीचं चित्र काढतो."

उपाध्यक्षांचा तीळ थरथरला.

"आणि बॅज?" मावशीने विचारलं.

"कोटावर असतो. लाकडाचा भुसा उडणार म्हणून ह्यांनी कोट काढून ठेवला असणार, घडी घालून. आरशात बॅज नव्हताच. तो त्यांनी डोक्याने घातला, समोरच्या माणसाच्या जिथे असतो तिथे. तो बिचारा छापताना पलीकडे गेला. नंतर ह्यांनी भुसा झाडला, पुडी बांधली आणि कोरण्या लावून ठेवल्या. ह्या इमारतीत हे दुसऱ्या कुणाला सुचलं असतं?"

"आपण बसून घ्याल का?" उपाध्यक्ष म्हणाले. "मी उभ्यानेच कबूल करतो."

बसायला काही नव्हतं. तरी त्यांनी रुमाल काढून एक खोकं पुसलं.

"बाई," ते मावशीला म्हणाले, "तुमच्या चित्रांत सगळे आहेत. भाजीवाला आहे, माझा डॉक्टर आहे, माझा सख्खा भाऊ दोनदा आहे. दर वर्षी नवीन चित्र आलं की मी आधी स्वतःला शोधतो. मी नसतो. एकदा धीर करून तुम्हाला विचारलंही होतं."

"आठवतंय," मावशी म्हणाली. "मी खूप बघितलं हो तुमच्याकडे. पण तुमच्यात चिडवण्यासारखं काही सापडेना. तुम्हाला चित्रात घेतलं तर लोक विचारतील, हा का उभा आहे?"

"हेच. हाच तो प्रश्न." ते खाली बघत राहिले. "काल किल्ली घेऊन मी तो काळा दरवाजा फक्त बघायला आलो होतो. रिकामा होता. म्हटलं, कुणाची जागा अडत नाहीये. थोडं आत उभं राहावं. मग वाटलं, नुसतं उभं काय राहायचं... एकदा कोपर मारल्यावर मला थांबवेना."

"पण मग सकाळीच का नाही सांगितलंत? माझी खोली जातेय!"

"सांगत होतो! सकाळपासून सांगतोय! पण अध्यक्षबाई बोलत असतात. आणि कुणी बोलत असताना मधे..." त्यांच्या कपाळावर घाम आला. "ते माझ्याच्याने होत नाही. लग्नात भटजींनी चुकून माझ्या भावाचं नाव घेतलं, तेव्हाही मी विधी संपेपर्यंत थांबलो होतो."

आतून माईकवर टकटक झाली. अध्यक्षबाईंचा आवाज घुमला: "नागरिकहो!"

शंकाने त्यांच्या दंडाला धरलं.

"उपाध्यक्ष, मी आत जाऊन सगळं सांगू शकते. माझ्याकडे पुरावा आहे. पण त्या म्हणतील, आर्टिस्टची भाची आहे, आपल्या मावशीला वाचवतेय, आणि वर आमच्या उपाध्यक्षांवर आळ घेतेय. तुम्ही सांगितलंत तरच ते खरं ठरेल. आणि त्या थांबायच्या आत सांगितलंत तरच. कारण त्यांनी एकदा जाहीर केलं की त्या मागे येत नाहीत."

"म्हणजे मला त्यांना..."

"तोडावं लागेल."

उपाध्यक्षांनी कोट नीट केला आणि दारातून आत जाताना मागे वळून म्हणाले, "आधी आपण..."

"चला!" मावशी आणि शंका एकदम ओरडल्या.

६

सभागृह खच्चून भरलं होतं. व्यासपीठामागे चौकटीतलं 'रांग' टांगलं होतं आणि लोक माना वाकड्या करून त्याकडे बघत, कुजबुजत, फिदीफिदी हसत होते. पहिल्या रांगेत अध्यक्षबाईंच्या खुर्चीशेजारच्या खुर्चीवर त्यांची पिशवी बसली होती. प्रमुख पाहुणे तिच्याशेजारी उभे होते.

"...ही केवळ एका व्यक्तीची टिंगल नाही," अध्यक्षबाई गरजत होत्या, "हा सौजन्यावर हल्ला आहे!"

उपाध्यक्ष व्यासपीठाच्या पायरीशी पोचले. त्यांनी बोट वर केलं. अध्यक्षबाईंना ते दिसलं नाही. त्यांनी खाकरून बघितलं. माईकने ते गिळून टाकलं.

"आणि म्हणून समितीने अत्यंत जड अंतःकरणाने असा निर्णय..."

मावशीने डोळे मिटून घेतले.

"क्षमा..." उपाध्यक्ष म्हणाले.

"...निर्णय घेतला आहे की खालची खोली..."

"क्षमा असावी, मी..."

"...ती खोली, जिचा गैरवापर करून..."

उपाध्यक्ष पायरी चढले. शंकाने बघितलं, त्यांचे कान लाल झाले होते, मग मान लाल झाली, मग कपाळ. त्यांनी एक कोपर बाहेर काढलं, अध्यक्षबाईंच्या बरगडीत ढोसलं आणि माईक ओढून घेतला.

"गप्प बसा!" ते म्हणाले.

अध्यक्षबाईंचं तोंड उघडंच राहिलं. हा अनुभव त्यांना नवा होता.

"ते मीच कोरलं," उपाध्यक्ष माईकमध्ये म्हणाले. आवाज चिरका होता पण थांबत नव्हता. "माझा चेहरा, माझ्या हाताने, आरशात बघून. बाईंचा काही दोष नाही. खोली त्यांच्याकडेच राहिली पाहिजे. आणि अध्यक्षबाई, मी हे तुम्हाला सकाळपासून सांगतोय, तुम्ही एक वाक्य पुरं करू देत नाही! एक!"

"पण..." अध्यक्षबाई म्हणाल्या.

"माझं झालेलं नाही!"

मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली. मग टाळ्या सुरू झाल्या, मग बाकं वाजायला लागली. प्रेसकाका दारातून, अर्थातच दार अडवून, "वा!" म्हणून ओरडले. जावईबापूंनी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं की बॅजचं आपल्यालाच पहिल्यांदा कळलं होतं.

अध्यक्षबाईंनी इकडेतिकडे बघितलं. सगळं शहर समोर बसलं होतं आणि त्यांच्या माणसासाठी टाळ्या वाजवत होतं. त्या काही झालं तरी अध्यक्ष होत्या. वारा कुठून येतोय ते त्यांना पाठ फिरवूनही कळायचं.

"खोलीबद्दल मी हेच म्हणणार होते," त्या उरलेल्या अर्ध्या माईकमध्ये म्हणाल्या, "की ती बाईंकडेच राहील. मला मधेच तोडलं गेलं."

मावशी मटकन खाली बसली, नेमकी त्या पिशवीवर, आणि बराच वेळ उठली नाही.

कार्यक्रम संपल्यावर उपाध्यक्षांभोवती गर्दी झाली. लोक चित्राकडे बघत, त्यांच्याकडे बघत, पुन्हा चित्राकडे बघत. एका मुलीने त्यांना करंगळी कानात घालून दाखवायला सांगितली. त्यांनी दाखवली. गर्दी पांगल्यावर ते मावशीकडे आले, केस विस्कटलेले, बॅज वाकडा.

"बाई, मी तुमचा ठोकळा खराब केला. काय शिक्षा द्याल ती कमी आहे."

मावशीने चौकटीतल्या त्या जांभईकडे पुष्कळ वेळ बघितलं.

"बोटं भेंडीसारखी झालीत," ती म्हणाली. "मान तर नाहीच आहे. पण कोपर बरं जमलंय. कोपरात जीव आहे. हा राहू द्या तिथेच. शिकायचंय का तुम्हाला?"

उपाध्यक्ष ताठ उभे राहिले.

"उद्या किती वाजता येऊ? मी अगदी वेळेवर..."

"उशिरा या," मावशी म्हणाली. "सुरुवात तिथूनच करू."